दोरावरचं वजन

आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा गेला, आणि त्याच्यासोबत अंगारा, उतारा, नजर, भानामती हे सगळंच गेलं. मी लोहाऱ्यात मेडिकल चालवते. गोळ्या घेऊन वर गळ्यात ताईत बांधणारी गिऱ्हाइकं रोज बघते आणि मनातल्या मनात हसते. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते. कारण ही ऐकीव गोष्ट नाही. मी ती या दोन हातांत धरली होती.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ सुमेध पुण्यात नोकरीला आहे. तिथं एका जिममधल्या बनावट भिंतीवर तो चढायला शिकला, आणि आता त्याला खऱ्या कातळावर चढायचं होतं — तेही आपल्या गावाकडं. क्लायंबिंगच्या एका ग्रुपवर त्यानं विचारलं, पहिल्यांदाच बाहेर जातोय, काय काय लागेल? बहुतेकांनी एकच सांगितलं — सामानाचं नंतर बघ, आधी जाणता माणूस शोध. त्यातूनच नळदुर्गचे रशीदचाचा सापडले. रिटायर्ड लाइनमन. नोकरी विजेच्या खांबांवर, आणि सुट्ट्या कड्यांवर!

आता खाली उभं राहून दोर धरायला एक माणूस हवा होता.

"अक्का, तूच चल."

"मीच का?"

"तुझं वजन माझ्यापेक्षा जास्त हाय."

असा माझा नंबर लागला.

अणदूरच्या पुढं माळ संपतो तिथं एक काळा कातळ आहे, तीन मजली इमारतीएवढा. मधोमध त्याला पोट सुटलंय, त्यामुळं खालून वरचा भाग दिसत नाही. सकाळचे दहा वाजले असतील, लख्ख ऊन. चाचांनी मला तासभर एकच गोष्ट शिकवली. दोर वर झाडाला पक्क्या केलेल्या कडीतून जातो. त्याचं एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, आणि दुसरी बाजू माझ्या पट्ट्याला अडकवलेल्या यंत्रातून माझ्या हातात. तो चढेल तसा दोर ओढून घ्यायचा, वर पोचला की हळूहळू सोडत त्याला खाली उतरवायचं.

"उजवा हात काय वाट्टेल ते झालं तरी सोडायचा न्हाय, बेटा," चाचा म्हणाले. "वरच्याचा जीव त्या हातात हाय."

मग ते बाजूच्या पायवाटेनं वर जाऊन झाडापाशी बसले. सुमेध चढायला लागला. दोनदा घसरला, शिव्या घातल्या, पुन्हा चढला, आणि त्या पोटावरून पलीकडं दिसेनासा झाला. मी दोर ओढत राहिले. मग दोर थांबला. वारा एवढा होता की वरचं बोलणं कळेना. बऱ्याच वेळानं हाक आली — "सोड!"

आणि वजन आलं. मी चवड्यांवरच उभी राहिले. सुमेधच तो, दुसरं कोण असणार? मी हळूहळू सोडू लागले. मधूनच बारीक खडे घरंगळत येत होते. "सावकाश ये रे," मी ओरडले. म्हटलं, घाबरला असंल.

तेवढ्यात डावीकडून बोलण्याचा आवाज आला. पायवाटेनं चाचा उतरत होते, आणि त्यांच्या मागं हेल्मेट हातात घेऊन, तोंड पाडून... सुमेध!

"सॉरी अक्का. वर पोचलो, पण कड्यावरून मागं झुकायची छातीच झाली न्हाय. चाचा म्हणाले, मग चालतच उतरू."

मी त्याच्याकडं बघितलं. मग दोराकडं. दोर तारेसारखा ताठ होता.

माझी मूठ ढिली पडली. हातभर दोर सर्रकन गेला — आणि वरून, त्या पोटाच्या पलीकडून, कुणीतरी दचकून श्वास ओढला. जिन्यात पाय निसटल्यावर माणूस ओढतो, तसा.

"सोडू नको!" चाचा धावत आले. त्यांनी दोरावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"चाचा, वर कोण हाय?"

"कुणी न्हाय. दोराचं टोक म्या सोता झाडाला बांधून आलो."

"मग हे काय हाय?"

ते वर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काय बी असूदे. उतरव त्याला."

मी उतरवलं. हात भरून आले होते, घाम डोळ्यांत जात होता. कातळाच्या पोटावरून आधी दोराची गाठ दिसली. गाठीखाली कमरेत अडकवायचा फास. त्या फासात कुणीच नव्हतं. पण फास खाली ताणलेला होता, आणि त्याच्याखाली, कातळावर पाय टेकावेत तसे, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून खडे सुटत होते.

फास जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर आला आणि माझ्या हातातलं वजन एकदम गेलं. दोर सैल होऊन मातीत पडला.

चाचांनी फास उचलला. "ही गाठ तर म्या वर सोडवली होती," एवढंच बोलले. मग ते पुन्हा वर जाऊन आले. कडी जागेवर होती, झाडाला दोराचा वळ होता. माणूस नाही, जनावर नाही, काही नाही. परत येताना अणदूरच्या हॉटेलात चहा समोर आला तेव्हा चाचांनी विचारलं, "तो श्वास... तुमी पण ऐकला न्हवं?" आम्ही दोघांनी माना हलवल्या. "सोड!" ही हाक मात्र त्या दोघांपैकी कुणीच दिली नव्हती. मी हॉटेलवाल्याला विचारलं, त्या कातळावरून कधी कुणी पडलंय का? तो म्हणाला, "तिथं चढतंय कोण, ताई?"

सुमेधनं त्याच ग्रुपवर सगळं लिहिलं. कुणी म्हणालं, दोर फटीत अडकला असेल. अडकलेला दोर हलत नाही, हा माझ्या हातातून सरकत होता. कुणी म्हणालं, दोराचंच वजन असेल. चाचांनी रिकामा दोर माझ्या हातात देऊन दाखवला, पाटीतली भाजी त्याहून जड असते. माझ्या उजव्या तळव्यावरची कातडी सोलवटली होती, ती भरून यायला आठवडा गेला.

शेजारीण म्हणते भूत असंल. मी अजूनही भूत मानत नाही. आणि मानलं, तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही... भुताला पडायची भीती कशाला वाटेल? माझी मूठ ढिली पडली तेव्हा वर जे कुणी होतं, ते घाबरलं होतं.