आईचं एक उत्तर

खळ घातलेल्या कपड्यांवर गरम इस्त्री फिरली, की मला दिल्लीच्या छावणीतलं आमचं क्वार्टर आठवतं. आई बाबांच्या वर्दीला इस्त्री करायची आणि मी शेजारी बसून इतिहास मोठ्याने पाठ करायचे. एकदा जवानांच्या कुटुंबांसाठी प्रश्नमंजूषा होती. अमेरिकेचं स्वातंत्र्य, फ्रेंच राज्यक्रांती आणि पानिपतची तिसरी लढाई, यांचा क्रम कुणालाच लागेना. सातवीत शाळा सुटलेली आई उठू लागली, तेव्हा मी घाबरून तिचा पदर ओढला. तो सोडवून घेत ती म्हणाली, "पहले पानिपत, फिर अमेरिका, फिर फ्रान्स." टाळ्या झाल्या. "कितना पढ़ी हैं आप?" साहेबांच्या पत्नीने विचारलं. "जी, अभी बेटी के साथ पढ़ रही हूँ." आता मी इतिहास शिकवते आणि माझी पहिली विद्यार्थिनी कोण, हे प्रत्येक नव्या वर्गाला सांगते.