एका कान्याचा फरक

आमच्या मंगळवार पेठेत विमान म्हणजे कधीमधी डोक्यावरून जाणारा आवाज. तरीही कारगिलची लढाई चालू असताना माझ्या थोरल्या भावाचं लढाऊ विमान कोसळलं, तेव्हा ते का कोसळलं हे सगळ्यांत आधी पेठेला कळलं. हवाई दलाला कळायला पुढे कित्येक महिने लागले. बिचाऱ्यांना आमच्या चौकातला कट्टा कुणी दाखवलाच नव्हता.

दादा वाचला. खुर्चीसकट बाहेर फेकला गेला आणि हवाई छत्रीनं आपल्याच हद्दीत उतरला. पाठीचा मणका तेवढा दुखावला. फोन ठेवून आई होती तिथंच फरशीवर बसली आणि रडता रडता हसायला लागली. मीही तिच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. खरं सांगते, त्या दिवशी मला त्या विमानाची राईएवढी काळजी वाटली नाही. खड्ड्यात जाऊ दे म्हटलं, माझा भाऊ आहे ना!

पेठेला मात्र विमानाची फार काळजी. दादा लष्करी दवाखान्यातून सुट्टीवर घरी यायच्या आतच तालीम मंडळानं चौकात फलक लावला: 'शत्रूने विमान पाडले तरी परतलेल्या आमच्या वाघाचे स्वागत!' फलकावर वाघ होता, विमान होतं, आणि दादाच्या दुप्पट आकाराचे नगरसेवक होते. विमानाला खिडक्यांची रांग होती. युद्धावर प्रवासी घेऊन गेला होता जणू.

आमचे वडील, अण्णा, हायस्कूलला मराठी शिकवायचे. ते फलकासमोर उभे राहिले आणि मंडळाच्या अध्यक्षांना म्हणाले, "शत्रूनं पाडलं नाही. पडलं. तुम्ही एक काना जास्त दिलाय."

"सर, एका कान्यानं काय हुतंय? तेवढंच वजन येतंय की!"

"पडणे अकर्मक आहे. त्यात दुसऱ्या कुणाचा हात नसतो. पाडणे म्हटलं की पाडणारा लागतो."

"मग शत्रू हाय की पाडणारा. लढाई कुणाबरबर चाललीया?"

अण्णा घरी येऊन चरफडत बसले. आयुष्यभर पोरांचे काने-मात्रे सुधारले, आणि त्यातलाच एक विद्यार्थी अध्यक्ष झालेला.

दादा आला तो कमरेला हा एवढा पट्टा आवळून. वाकता येईना, मान वळवता येईना, म्हणून ताठ चालत होता. "काय रुबाब हाय बघ!" बायका एकमेकींना सांगत होत्या. हलगी कडकडत होती. कुणीतरी त्याच्या हातात माईक दिला आणि माझ्या भावानं, ज्याला दोन शब्द गोड बोलून मोकळं व्हायचं कधी जमलंच नाही, सांगून टाकलं, "शत्रूनं पाडलं नाही. परत येताना इंजिन बंद पडलं."

हलगी थांबली. एवढा खर्च करून आणलेला वाघ असा निघाला म्हटल्यावर कुणाचंही तोंड पडेल.

मग घरी रीघ लागली. चहा करून करून माझे हात दुखले. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, "कचरा अडकला असंल. माझ्याकडं रोज येत्यात तसल्या गाड्या." शेजारच्या मावशींचा प्रश्न मुळाला हात घालणारा होता. "न्हवं, जोतिबाला न्हेलतं काय त्ये? साधी फटफटी घेतली तरी डोंगरावर न्हिऊन गुलाल लावतोय आपण. आन् एवढं इमान तसंच उडवलंसा?"

"मावशी, डोंगरावर उतरवायला जागा नाही," दादा गंभीरपणे म्हणाला.

तो सगळ्यांना नीट समजावून सांगायचा. लढाईत पडणारी सगळी विमानं शत्रू पाडत नाही. उंच डोंगरात हवा विरळ, इंजिनाला धाप लागते. कधी पक्षी आत जातो. कधी एखाद्या पात्याला बारीक तडा असतो. एरवी दिसला असता, पण लढाईत पुन्हा पुन्हा उडायचं असतं, तपासणाऱ्यांना उसंत नसते. वैमानिकही दमतो. आणि दमलेला माणूस चुकतो.

झालं! एवढ्या भाषणातलं शेवटचं वाक्य तेवढं पेठेनं उचललं. "चुकतो म्हणाला. सोताच्या तोंडानं!" फलक निघाला, पण काना काही निघाला नाही. फक्त पाडणारा बदलला. शत्रू सुटला आणि दादा सापडला. त्यात आमच्याकडं विमानाला इमान म्हणायची पद्धत, त्यामुळे 'त्यानंच इमान पाडलं' हे ऐकताना अंगाची आग आग व्हायची.

एकदा दुधाच्या कट्ट्यावर, जिथं ताजं धारोष्ण दूध प्यायला लोक जमतात, एक काका मला ऐकू जाईल असं म्हणाले, "सरकारचं इमान टाकून आपण उडी मारायची म्हंजे..." मी तिथंच दुधाची कासंडी खाली ठेवली. "काका, तुमच्या पोरानं परवा गाडी खांबावर घातली. त्यो कशाला उडी मारून घरी आला? गाडीसंगट ऱ्हायाचं की!" काकांनी त्या दिवशी दूध न पिताच काढता पाय घेतला.

दादाला हे सांगितलं तर तो हसला. चौकशी चालू होती. त्यात वैमानिकाची चूक निघाली असती तर तो डाग जन्मभर पुसला नसता, आणि पाठ बरी होऊनही विमान पुन्हा हातात आलं नसतं. तो झोपेतही दचकायचा. पण म्हणायचा, "पेठ काय म्हणायचं ते म्हणू दे गं. घरात तुम्हाला माहीत आहे ना? बास."

आणि एका दुपारी जेवताना अण्णांनी घसा खाकरला. ज्या माणसानं एका कान्यासाठी अख्ख्या पेठेशी वैर घेतलं होतं, तो ताटाकडं बघत म्हणाला, "आता घरातलेच आहोत आपण. खरं सांग. पडलं, की पाडलंस?"

आईच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. "काय इचारतासा वो ह्ये?"

"विचारलं फक्त."

मला त्या क्षणी अण्णांचा इतका राग आला की त्यांच्याकडं बघवेना. दादानं घास गिळला. "चौकशीत कळेल, अण्णा," एवढंच म्हणाला आणि आमटी मागून घेतली. सुट्टी शिल्लक असताना तो त्याच आठवड्यात परत गेला. पाठ दाखवायची आहे, असं त्यानं आईला सांगितलं. तिनं विश्वास ठेवल्यासारखं केलं.

पावसाळा गेला, थंडी पडली, तेव्हा त्याचा फोन आला. इंजिनातलं एक पातं तुटलं होतं. वैमानिकाचा काहीही दोष नाही. आईनं रिसीव्हर माझ्या हातात देऊन देवापुढं साखर ठेवली. अण्णांनी तो माझ्याकडून जवळजवळ ओढूनच घेतला. आनंदानं ते ओरडलेच.

"मला माहीतच होतं रे!"

दादा लांबून बोलताना नेहमी मोठ्यानं बोलायचा, त्यामुळे मला शेजारी उभं राहून सगळं ऐकू आलं.

"नव्हतं, अण्णा," तो म्हणाला. "आईला द्या."