नऊ जणांची खरूज

महेश चौथ्यांदा माझ्यासमोर बसला होता आणि त्याच्या बोटांच्या बेचक्यात चौथ्यांदा तेच दिसत होतं. मी डर्मास्कोप, म्हणजे दिवा बसवलेलं भिंग, त्याच्या मनगटावर धरला. कातडीखाली एक बारीक, वाकडी रेघ होती. रेघेच्या टोकाला काळपट ठिपका. तो ठिपका म्हणजे खरजेचा किडा. प्रकृतीने चांगला दिसत होता.

"मॅडम, आज सर्टिफिकेट मिळेल ना?" महेशने विचारलं.

"नाही."

"पण थोडंच राहिलंय."

"खरूज थोडी नसते. असते किंवा नसते."

महेश सव्वीस वर्षांचा. लोअर परळच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये प्रोबेशनवर होता. कणीक मळता मळता खाजवताना शेफने त्याला पाहिलं आणि तिथल्या तिथे घरी पाठवलं. डॉक्टरचं फिट सर्टिफिकेट आण, मग ये. महिनाअखेरपर्यंत आलं नाही तर दुसरा माणूस घेणार. शेफचं काही चुकलं नव्हतं. त्या हॉटेलात मीही जेवले आहे.

माझं क्लिनिक लालबागला, पहिल्या मजल्यावर. खाली मसाल्याची दुकानं, त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक पेशंट आधी शिंकतो. एका बाजूला चाळी, दुसऱ्या बाजूला टॉवर. टॉवरमधल्यांना चेहऱ्यावरचे डाग घालवायचे असतात, चाळीतल्यांना खाज. डागांवर क्लिनिकचं भाडं निघतं आणि खाजेवर माझं शिक्षण वसूल होतं. रिसेप्शनवर शुभदा असते. दादरची, कामाला चोख, पण वेटिंग रूममधला सोफा आपल्या माहेरून आलाय अशा थाटात ती त्याची राखण करते. महेश आला की ती त्याला प्लॅस्टिकची खुर्ची द्यायची. तो आत गेला की स्वतःचा दंड खाजवायची.

"मॅडम, मला झालं नसेल ना?" तिने दोनदा विचारलं होतं.

नव्हतं झालं. खरूज हा शब्द ऐकला की माणसाला खाज सुटते. हे वाचताना तुम्हाला सुटली असेल तर ती बहुधा तेवढीच आहे.

खरी खरूज कशी होते ते सांगते. रक्त बिघडल्याने होत नाही, उष्णतेने होत नाही, आणि रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होते. डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बोगदा करून राहतो आणि तिथेच अंडी घालतो. बराच वेळ अंगाला अंग लागलं, किंवा एकाचं गरम अंथरूण लगेच दुसऱ्याने घेतलं, की तो घर बदलतो. औषध साधं आहे. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लोशन लावायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी आंघोळ, आठवड्याने परत एकदा. अवघड भाग वेगळाच आहे. सोबत राहणाऱ्या सगळ्यांनी ते एकाच दिवशी लावायचं असतं, खाज असो वा नसो. नव्याने लागण झालेल्याला काही आठवडे खाज येतच नाही. तो मजेत असतो आणि वाटत फिरतो. एक जण राहिला की सगळ्यांचं ये रे माझ्या मागल्या.

पहिल्या वेळी महेश आला तेव्हा त्याने मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावली होती. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. त्याने खाज दबते आणि किड्याला निवांतपणा मिळतो. मी ती बंद केली आणि विचारलं, "घरात किती जण?"

"घर गावाला मॅडम. इथं गावाच्या खोलीत आम्ही नऊ."

गावाची खोली म्हणजे काय, हे गिरणगावात सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. कोकणातल्या एकेका गावाने गिरण्यांच्या काळात चाळीत एकेक खोली घेतली. मुंबईला येणाऱ्या गावच्या पुरुषाने तिथे उतरायचं. एक ट्रंक, एक अंथरूण, एक खिळा एवढं त्याचं. गिरण्या गेल्या, काही खोल्या राहिल्या. खोलीला नियम असतात आणि नियम सांभाळणारा एक म्हातारा असतो.

मी नऊही जणांना औषध लावायला सांगितलं. महेशने लाजेपोटी कुणालाच सांगितलं नाही, एकट्याने लावलं. आठवड्याने तो परत हजर. तेव्हा मी त्याला म्हटलं, तुमच्या खोलीचा जो कोणी मोठा माणूस असेल त्याला घेऊन ये, नाहीतर येऊ नकोस.

तो आप्पांना घेऊन आला. आप्पा सत्तरीकडे झुकलेले, गोदीतून निवृत्त. अजून कॉटन ग्रीनच्या एका गोदामात दिवसभर माल मोजायला जातात. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. सोफ्यावर बसले. शुभदाची हिंमत झाली नाही.

"खरूज नाय ती बाई," आप्पा मला म्हणाले. "उष्णता आसा. झिलगो दिवसभर आगीपुढे रवता."

"आप्पा, तुमचा हात बघू."

त्यांच्या मनगटावरही रेघ होती. मी त्यांना भिंगातून दाखवली.

"हो हयसर कितके दिवस आसा?"

"महिनाभर तरी असेल."

"कोणाक न इचारता?"

त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही. आप्पांनी नऊ बाटल्या नेल्या. वयाच्या क्रमाने नऊ जणांना उभं केलं, प्रत्येकाला पुढच्याची पाठ दिली आणि लोशन लावून घेतलं. चादरी उकळल्या, गॅलरीत वाळत घातल्या, शेजाऱ्यांना सांगितलं की गावाहून पाहुणे यायचे आहेत. इतकी शिस्त मी मोठ्या हॉस्पिटलातही बघितलेली नाही.

दहा-बारा दिवसांत आठ जण बरे दिसू लागले. नववा, म्हणजे महेश, त्या दिवशी माझ्यासमोर मनगट धरून बसला होता.

आठ बरे झाले आणि एकच परत पडला, याचा अर्थ एवढाच की महेशच्या कातडीला असं काहीतरी लागतंय जे बाकीच्यांना लागत नाही. अशा वेळी डॉक्टरला जे विचारावं लागतं ते मी विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला. तसं कुणी नव्हतं.

पण लाल झाला म्हणून मी चेहरा नीट पाहिला. चेहरा रापला होता. मानेवर कॉलरपर्यंत ऊन लागलेलं, हातांवर बाहीची रेघ. पहिल्या वेळी हे नव्हतं. किचनमध्ये काम करणाऱ्याला ऊन लागत नाही, आणि सुट्टीवर घरी पाठवलेल्याला तर मुळीच नाही.

"तुझं काम बंद आहे ना? मग दिवसभर उन्हात काय करतोस?"

"बागेत बसतो."

"दुपारी बारा वाजता?"

"हो."

"खोलीत पडायला काय होतं?"

मी भिंग पुसायला घेतलं. या धंद्यात माणूस कपडे काढायला जेवढा लाजतो त्यापेक्षा जास्त काही गोष्टी सांगायला लाजतो, आणि दोन्हीला वेळ द्यावा लागतो.

"माझ्या गादीवर भावोजी झोपतात," तो शेवटी म्हणाला.

महेशच्या बहिणीचा नवरा, संदीप. करी रोडच्या एका टॉवरमध्ये रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड. मुंबईत नवा आणि भाड्याची जागा परवडणारी नव्हती. आप्पा गोदामात आणि बाकीचे कामावर गेले की तो यायचा, महेशच्या गादीवर झोपायचा आणि सगळे परतायच्या आत निघून जायचा. संध्याकाळी तीच गादी महेशची.

"मग हे आप्पांना सांगायला काय झालं होतं?"

"मॅडम, ते पलीकडच्या गावचे आहेत."

दोन गावांची देवी एक आहे. जत्रेत पालखी आधी कुठल्या गावात जायची, यावरून आप्पांच्या वडिलांच्या काळापासून बोलणं बंद. महेशच्या बहिणीने त्याच गावातल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा महेश सोडून खोलीतलं एकही माणूस लग्नाला गेलं नव्हतं. खोलीचा पहिला नियम, परगावच्याला झोपायला द्यायचं नाही. दिल्याचं कळलं तर महेशची ट्रंक गॅलरीत आणि भावोजी फुटपाथवर.

"त्यांना खाजतंय का?"

"खाजवतात."

"मग तू त्यांना औषध लावायला सांगितलं नाहीस?"

महेशने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच काहीतरी भलतं बोलले. "असं कसं सांगणार मॅडम? बहिणीचा नवरा आहे. तुम्हाला खरूज आहे, असं तोंडावर कसं म्हणायचं?"

मला राग आला. नोकरी जायची वेळ आली होती आणि हा जावयाचा मान सांभाळत होता. मग वाईटही वाटलं, कारण भर उन्हात बागेत बसून तो खरोखरच फक्त तेवढंच सांभाळत होता. सर्टिफिकेट मी दिलं नाही. किडा दिसत असताना सही करता येत नाही.

आता दहा जणांना एकाच दिवशी औषध द्यायचं होतं आणि त्यातल्या दहाव्याबद्दल मला तोंड उघडता येत नव्हतं. पेशंटने सांगितलेलं बाहेर सांगायचं नाही, हा आमच्या खोलीचा पहिला नियम. मी आप्पांना पुन्हा पहिल्यापासून औषध द्यायला बोलावून घेतलं.

"आप्पा, खोलीत कुणी दिवसा टेकायला वगैरे येतं का? असं मी सगळ्यांनाच विचारते."

मी सगळ्यांना विचारत नव्हते. शुभदाने रजिस्टरमधून मान वर केली.

"आमच्या खोलीत गाववाल्यांशिवाय कोणाक थारो नाय," आप्पा म्हणाले. "नियम आसा."

"बरं."

त्यांनी नऊ बाटल्या पिशवीत भरल्या, छत्री उचलली, दारापर्यंत गेले. तिथून परत आले.

"समजा, असो कोणतरी आसलो."

"हं."

"तर तेका औषध किती लागतला?"

"एक बाटली. बाकीच्यांबरोबर, त्याच संध्याकाळी."

"संध्याकाळी तो ड्युटीक जाता," आप्पा म्हणाले. मग थांबले. "समजा, जाता."

"मग लोशन लावून वर युनिफॉर्म घालायचा. सकाळी आंघोळ. आणि ती गादी दोन-तीन दिवस उन्हात. तोवर तिच्यावर कुणीही झोपायचं नाही."

"मगे तो झोपतलो खय?"

याचं उत्तर वैद्यकशास्त्रात नाही. मी बिल लिहायला घेतलं. आप्पांनी शुभदापुढे पिशवी उघडी धरली. शुभदाने दहावी बाटली आत टाकली.

पुढचं मला महेशने सांगितलं. त्या संध्याकाळी आप्पांनी नेहमीसारखी रांग लावली. उरलेली बाटली महेशच्या ट्रंकेवर ठेवली आणि म्हणाले, "एक जास्त इली. बघ, खय उपयोग होता तर." महेशने ती करी रोडला नेऊन, भावोजींनी युनिफॉर्म चढवायच्या आत त्यांच्या हातात दिली, डॉक्टरांनी खोलीतल्या सगळ्यांसाठी पाठवलीय, एवढंच सांगून. दुसऱ्या दिवशी महेशची गादी गॅलरीच्या कठड्यावर चढली. कामावर निघताना आप्पांनी आपलं अंथरूण गुंडाळलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. वर धुतलेली चादर घातली, उशी नीट केली आणि छत्री घेऊन कॉटन ग्रीनला गेले. खोलीतल्या कुणीही का म्हणून विचारलं नाही. चाळीत रोज दिवसा एक परका माणूस झोपतो आणि कुणालाच ठाऊक नाही, असं खोलीत फक्त महेशलाच वाटत होतं.

तसं पाहिलं तर माहीत सगळ्यांनाच होतं. पण बोललं की नियम लागला असता, म्हणून आठ माणसं आपापल्या जागी गप्प होती. त्या मोठेपणाने खरूज दोन आठवडे जास्त राहिली.

आठवड्याने दुसऱ्या फेरीसाठी आप्पांनी न विचारता दहा बाटल्या मोजून घेतल्या.

महिना संपत आला तेव्हा महेशचं मनगट, बेचके, कंबर, सगळं मी भिंगाखाली तपासलं. रेघा सुकल्या होत्या, ठिपका कुठेच नव्हता. खाज अजून थोडे दिवस येईल, ती आठवणीची खाज असते, तिला घाबरू नकोस, असं सांगून मी सही केली. शेफने सर्टिफिकेट दोनदा वाचलं, त्याचे हात दोन्ही बाजूंनी बघितले आणि कामावर घेतलं. प्रोबेशन पुन्हा पहिल्यापासून. महेशने येऊन हे सांगितलं तेव्हा मला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्याही लेझरने झालेला नाही.

थंडीत आप्पा टाचेच्या भेगा दाखवायला आले. मी मलम लिहून दिलं आणि विचारलं, "खोलीत सगळे बरे?"

"नव जण आसत. नवय बरे," आप्पा म्हणाले. चप्पल घातली, छत्री घेतली. "आणि जो नाय, तोय बरो आसा."

तेव्हापासून मी घरात किती माणसं असं विचारत नाही. किती अंथरुणं आणि त्यांच्यावर कोण कोण झोपतं, असं विचारते. मागच्या आठवड्यात टॉवरमधल्या एक बाई खाज घेऊन आल्या. घरात आम्ही तिघंच, म्हणाल्या. मी माझा प्रश्न विचारला. त्यांनी जरा विचार केला. सासूबाईंच्या खोलीत खाली त्यांची चोवीस तासांची बाई झोपते, पण ती काही घरातली नाही, म्हणाल्या. मी औषध चौघांचं लिहिलं.