मायच्या चष्म्याचा नंबर

इंग्रजीतला ‘नंबर’ हा शब्द आमच्या गावानं कधी परका मानलाच नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसंही तो दिवसातून दहा वेळा वापरत. टँकर आला की घागरींचे नंबर लागत, आणि कुणी मधे घुसलं की बायका एकमेकींच्या झिंज्या धरत. जमिनीला गट नंबर होता, चोरट्या दारूचा धंदा दोन नंबरचा होता आणि वांग्याची भाजी जमली तर ती एक नंबर. एखादा म्हातारा गेला की पारावरचे उरलेले म्हातारे हसत एकमेकांना म्हणत, “आता तुमचा नंबर.” मी तर शाळेतला गुरुजी. पोरांना पहिला, दुसरा, तिसरा नंबर वाटणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि त्याची मला भारी घमेंड.

मायला नंबर लागला तो डोळ्यांचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं. ती वाकळा शिवायची. सुईत दोरा जाईना, तेव्हा मी तिला कळमनुरीच्या बाजारात नेलं. तिथं एक चष्मेवाला जमिनीवर चादर अंथरून बसायचा. यंत्र नाही, तपासणी नाही. तो गिऱ्हाइकाच्या हातात सुई-दोरा द्यायचा आणि एकामागून एक चष्मे नाकावर चढवायचा. ज्यात दोरा ओवला गेला तो तुमचा नंबर. आमच्याकडची सगळी म्हातारी माणसं असाच चष्मा घ्यायची. मी शिकलेला, पण मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. चौथ्या चष्म्याला मायनं दोरा ओवला आणि हरखून म्हणाली, “बराबर दिसून राहिलं बघ.”

पुढं पाच-सहा वर्षं हेच चाललं. मधल्या काळात ती उंबऱ्याला ठेचकाळू लागली. बाजूला ठेवलेला तांब्या तिच्या पायानं लवंडायचा, दाराची चौकट खांद्याला लागायची. मी चिडायचो. “काहून अशी आंधळ्यावानी चालतीस?” असं तिच्या तोंडावर म्हणायचो. ती ओशाळून हसायची. मग पुन्हा बाजार, पुन्हा नवा चष्मा, पुन्हा सुई. आणि दोरा जायचाच. म्हणजे डोळे ठणठणीत आहेत, म्हातारीचं ध्यान ठिकाणावर नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

एके दिवशी बाजूच्या चुलीवरचं आधण तिनं धक्का लागून स्वतःच्या पायावर सांडून घेतलं. तेव्हा कुठं मी तिला नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं.

त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं. काचबिंदू होता. हा आजार नजर कडेकडेनं खात येतो, नाकासमोरचं तेवढं शेवटपर्यंत दिसत राहतं, असं त्यांनी समजावलं. म्हणूनच दोरा जात होता. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलीय तीही टिकेल असं वाटत नाही. काही वर्षं आधी आणलं असतं तर राखता आली असती. हे सगळं ते शांतपणे बोलले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

माय बाहेर बाकावर बसली होती. “काय म्हणले रे?”

“नंबर वाढलाय,” मी म्हणालो. खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

रोज थेंब घालूनही वर्षभरात उरलंसुरलं गेलं. ती मात्र माझ्या शब्दावर विसंबून होती. बाजाराचा दिवस आला की म्हणायची, “त्याच्यापाशी आणखी थोरला नंबर आसंल. बघ की, बाबा.” मी दर वेळी काहीतरी सबब सांगायचो. माझी मलाच शिसारी यायची. शेवटी एकदा सबब सुचली नाही, आणि मी जाड भिंगांचा चष्मा घेऊन आलो.

तो तिच्या हातात दिला आणि काही न बोलता तिच्या मागं रांजणाकडं पाणी प्यायला गेलो. तिनं चाचपडत काड्या कानांवर बसवल्या, मान उचलली आणि समोरच्या रिकाम्या बाजेकडं बघत म्हणाली, “व्हय, आता दिसून राहिलं बराबर. लई वाळलास रे, लेका.”

हातात गडवा तसाच धरून मी तिच्या पाठीमागं उभा होतो. मग पायांचा आवाज न करता पुढं आलो आणि ती बघत होती तिथं, बाजेवर जाऊन बसलो.