पिशवीला हात लावू द्यायचा नाय

गुलमंडीत साड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर सगीराआपाचं पिको-फॉलचं मशीन आहे. वीस वर्षं झाली. घाई करणाऱ्या बाईला ती सरळ सुनावते, "वरात दारात आलीय का? बस जरा." वय अठ्ठावन्न, नवरा जाऊन अकरा वर्षं. बाजारात तिला कुणी घाबरवलेलं मी कधी बघितलं नाही. म्हणून त्या दिवशी ती साडीच्या सुलट्या बाजूला फॉल लावत होती, तेव्हा मी जागीच थांबले.

"आपा, उलटं चाललंय."

तिनं मशीन थांबवलं. "द्वारका, पाच साल झाले बंद होऊन. आता परत चालू झालंय."

"काय?"

"काय म्हंजे? तेच. दीड महिना झाला. येतंय, जातंय."

मशीनच्या खणातून तिनं एक चिठ्ठी काढली. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर जाड दिसतंय, क्युरेटिंग करून तुकडा तपासायला पाठवायचा, असं डॉक्टरीणबाईनं लिहिलेलं. तारीख महिन्यापूर्वीची.

माझं डोकंच फिरलं. "महिनाभर हे खणात? दोऱ्याचं रीळ हाय का हे?"

"ओरडू नको. तूच बोलली होतीस, पिशवीला हात लावू द्यायचा नाय."

बोलले होते मी. चिकलठाण्यातल्या बायकांच्या बैठकीत, माइकवरून, टाळ्या घेत. गरज नसताना बायकांच्या पिशव्या काढू नका म्हणून मी दोन वर्षं भांडतेय, आणि ते भांडण मी सोडणार नाही. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं दवाखान्यांच्या बाकांवर भांडून शिकले. पण पिशवी आतून साफ करणं वेगळं आणि पिशवी काढून टाकणं वेगळं, एवढं मी त्या दिवशी सांगितलं नाही. घोषणेत बसत नव्हतं ते. आणि आपा पहिल्या रांगेत बसली होती.

पाळी कायमची गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तपासावं लागतं, हे मला माहीत होतं. बहुतेकींचं काही निघत नाही. काहींचं निघतं.

दुसऱ्या दिवशी उस्मानपुऱ्यातल्या त्या दवाखान्यात आपानं बसायच्या आधीच विचारलं, "डॉक्टरीणबाई, खरं सांगा. काढणार का साफ करणार?"

"पिशवी जिथल्या तिथं राहणार. खालच्या वाटेनंच आत जायचं, पोटावर टाका नाही. आतलं अस्तर तेवढं खरवडायचं."

आपानं विचार केला. "म्हंजे साडी तशीच. फॉल तेवढा उसवायचा."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई हसल्या. मग एकेक सांगत गेल्या: भूल देणार, पंधरा-वीस मिनिटांचं काम, संध्याकाळी घरी. कधीपासून उपाशी राहायचं ते लिहून दिलं. "कुठली गोळी चालू आहे? रक्त पातळ करायची?"

"गोळी नाय. काढा पिते, रक्त थांबायचा."

"तो बंद. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगायचं, लपवायचं नाही."

मी विचारलं, "पिशवीला भोक पडतं म्हणतात?"

"क्वचित पडू शकतं. म्हणून आधी सांगतेय, मग सही."

सही घ्यायला मोनालीसिस्टर कागद घेऊन आली. "मालक कुठंयत?" मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात आपाच बोलली, "मालक कब्रस्तानात. पिशवी माझी, दस्तखत माझी." तिनं उर्दूत सही केली.

दोन दिवसांनी तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर मी वीस मिनिटं मोजली, मग पंचवीस. आतून भांड्यांचा आवाज आला की मी उठायची. दार उघडलं आणि मोनालीसिस्टरनं माझ्या हातात औषधाच्या पाण्यात तुकडा बुडवलेली छोटी बरणी दिली. "बाई ठीक आहेत. ही लॅबला द्या, आत्ताच. आतलं पाणी ओतून टाकू नका."

बरणीवरचं नाव वाचलं. "सगीर? हा बाप्या कुठून आला मधीच?" तिनं जीभ चावली, 'सगीरा' करून वय घातलं. तपासून घ्या बायांनो. नाव बदललं की रिपोर्टच बदलतो.

रिक्षात ती बरणी मी दोन्ही हातांत धरली. रिक्षावाला आरशातून म्हणाला, "लोणचं हाय का मावशी? लई जपायला लागल्या." मी एरवी त्याला सोडला नसता. त्या दिवशी बरणीचं झाकण तेवढं घट्ट केलं.

संध्याकाळी आपाला घरी आणली. पोटात कळ, थोडे डाग, चार-सहा दिवस चालतात असं सांगितलं होतं. पण तासात पॅड भिजलं, ताप आला, घाण वास आला किंवा दुखणं वाढलं तर तडक यायचं. मी रोज विचारायची. ती म्हणायची, "काय नाय गं." दोघी रिपोर्टचं नाव काढत नव्हतो.

नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, पाणी दिलं आणि सांगितलं. कॅन्सर आहे. सुरुवातीचा दिसतोय, अजून तपासण्या लागतील. पिशवी काढावी लागेल.

मी विचारलं, "तो एक महिना..."

"त्यानं किती फरक पडला, सांगता येणार नाही."

आपा त्यांच्याकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती. "बोल की, माइकवाली. आता लावू देऊ का हात?"

"काढायची, आपा," मी म्हणाले.

"मग चिकलठाण्याला परत जा, आन् राहिलेलं सांग. अर्धंच सांगून आलीस तू. माझं नाव घेऊन सांग."

तिथं सांगेनच, पण इथंही तिचं नाव घालून लिहितेय. पिशवी काढायला सांगितली तर का, ते विचारा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, भांडा. तपासायला सांगितली तर चिठ्ठी खणात ठेवू नका.

सोमवारी तिचं ऑपरेशन आहे. बाहेरच्या बाकावर मीच बसणार. लई भीती वाटतेय.