दौलतच्या जीपमधली चिमणी

दौलतला त्या दुपारी घास गेला नाही. डब्यातल्या सुक्या बोंबलांचा त्याने नुसता वास घेतला, झाकण लावलं आणि पुन्हा जीपभोवती फेऱ्या मारायला लागला. वाकून खाली बघायचा, उठायचा, हात पुसायचा. हात मघाशीच पुसून झाले होते.

जीप लष्कराच्या लिलावातली. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लालबागच्या कार्यकर्त्यांनी ती प्रचाराला घेतली होती. सत्तावन सालची निवडणूक तोंडावर आलेली. संध्याकाळी कलापथकाला घेऊन ती कोकणात निघणार होती, कशेडीचा घाट उतरून पार खेडपर्यंत. आणि पथकात गाणारी मालन ही दौलतची बायको.

जीपची क्लच प्लेट गॅरेजात दौलतनेच बदलली होती. काम झाल्यावर ड्रायव्हर शामराव गाडी प्रभादेवीपर्यंत फिरवून आला आणि उतरता उतरता म्हणाला, "दौलतभाऊ, आत चिमणी बसलीय रे. हळू चालवली की चिकचिक करते."

"नवी प्लेट आहे. बसेल आपोआप," दौलत म्हणाला.

तो बोलून गेला खरा. क्लच प्लेट चिमणीसारखी चिकचिकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, शामरावने त्याच्यासमोरच गाडी पुढेमागे करून दाखवली, गॅरेजातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, पण दौलतला काहीच ऐकू आलं नव्हतं.

डिलाईल रोडच्या गिरणीत त्याची उमेदीची वर्षं साचेखात्यात, कापड विणणाऱ्या मागांवर गेली होती. शेकडो साच्यांच्या खडखडाटात तिथे कोणी कानाने ऐकत नसे. ओठ वाचायचे, हाताने खुणा करायच्या. कामगारकपातीत नोकरी गेली तेव्हा तो तिथून दोन गोष्टी घेऊन बाहेर पडला. एक म्हणजे यंत्रावर तळवा ठेवून त्याचं दुखणं ओळखायची सवय. दुसरी त्याने कोणाला सांगितली नव्हती. जाड आवाज त्याला येत, इंजिनाची घरघर, ट्रकचा भोंगा, मोर्चातल्या घोषणा. बारीक आवाज मात्र त्याच्यापुरते जगातून उठून गेले होते. गॅरेजात तो नेहमी बोलणाऱ्याच्या समोर उभा राही. गॅरेजच्या मालकांना वाटे, किती मन लावून ऐकतो हा माणूस. पण बहिऱ्या मिस्त्रीच्या हातात गाडी कोण देणार?

चारच्या सुमारास मालन कपड्यांचं बोचकं घेऊन आली. पथक इथूनच निघणार होतं. शामरावने तिलाही चिमणीची गोष्ट ऐकवली आणि गाडी ढकलून दाखवली.

"अगो बाई, खरंच गो," मालन हसली. "अहो, ऐकलात?"

"असेल काहीतरी."

मालनचं हसू विरलं. तिला आठवलं, पाणी आलं की नळ शिट्टी घालायचा, सगळी चाळ धावायची आणि दौलत मात्र शेजारी विडी ओढत बसायचा. ती त्याला आळस समजून चिडायची. शामराव चहाला सटकला तशी ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली, पदर तोंडावर धरला आणि पदराआडून काहीतरी बोलली.

 दौलतची नजर पदरावर तिचे ओठ शोधत राहिली.

तिने पदर सोडला. "कधीपासून?"

"गिरणीपासून."

"आणि माझं गाणं?"

"डफ येतो ऐकू," तो म्हणाला. "तुणतुणं नाही. तू... तू दिसतेस ना."

पहिल्या रांगेत बसून, तिच्या तोंडाकडे टक लावून बघत बसणारा नवरा. पथकातल्या बाया यावरून तिला केवढं चिडवायच्या. मालनने पदर कमरेला खोचला.

"मग डोळ्यांचं काम तुमी करा. कानाचं मी करते. चिक झालं की टाळी देते."

शामराव परतला तेव्हा दौलतने जीपच्या मागच्या चाकावर खडूची रेघ ओढली होती. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. शामराव आणि नाक्यावरचे दोन हमाल ती ढकलायला लागले. मालन बाजूने चालत टाळ्या देऊ लागली आणि तिच्या मागोमाग दौलत, वाकून, एक डोळा रेघेवर, एक तिच्या हातांवर. बघ्यांना वाटलं, पथकाची तालीमच चाललीय.

आवाज चाकाचा असता, तर रेघेच्या एका फेऱ्याला एक टाळी पडली असती. इथे रेघ एकदा फिरून येईपर्यंत मालन चार-पाच टाळ्या देत होती. म्हणजे चाकापेक्षा भरभर फिरणारं काहीतरी. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा.

 क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायला तो दांडा दौलतनेच सोडवला होता. जोडताना दांड्याच्या टोकाच्या सांध्याची एक टोपी हातातून निसटली होती, तिच्यातल्या बेअरिंगच्या बारीक सुया ताटलीत सांडल्या होत्या. ग्रीस लावून त्याने त्या परत उभ्या केल्या. नेमका तेव्हाच रस्त्याने मोर्चा चालला होता. घोषणा छातीत घुमल्या, आणि त्याने मान वर केली होती.

सांधा खोलला. एक सुई तळाशी आडवी पडलेली. टोपी पुरती बसलीच नव्हती. ग्रीस जाऊन गंजासारखी तांबडी पूड झालेली. कशेडीच्या उतारावर तो दांडा तुटून लोंबला असता. दौलतला पुढचं बघवेना, त्याने डोळे मिटून घेतले.

शामरावने ग्रँट रोडवरून नवा सांधा आणला. दौलतने तो बसवला, एकेक टोपी दोनदोनदा चाचपली. पुन्हा गाडी ढकलली. मालन हात जोडल्यासारखे धरून चालली, गल्लीच्या टोकापर्यंत. टाळी पडली नाही.

पथक आलं, डफ चढला, तुणतुणं चढलं. शामराव स्टिअरिंगवर बसत म्हणाला, "मानलं भाऊ. पण वहिनींना टाळ्या कशाला द्यायला लावल्यास? गंमत म्हणून?"

दारात मालक उभे होते. हसून सोडून देता आलं असतं. पण नवा सांधाही दौलतच्याच हातचा होता, आणि घाटात पुन्हा चिकचिकलं तर शामराव म्हणणार, दौलत बोललाय, बसेल आपोआप.

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, शामराव," दौलत म्हणाला. जरा मोठ्यानेच. "मघाशी बसेल म्हणालो, ते न ऐकताच. आता वाटेत चिकचिकलं, तर माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तिथल्या तिथे गाडी थांबव."

मालकांच्या हातातली विडी तशीच राहिली. "उद्या बोलू," एवढंच म्हणून ते आत वळले. त्यांचा चेहरा दौलतला वाचता आला नाही.

जीप निघाली. मागच्या बाकावर मालन तोंड मागे करून बसली होती. तिने दोन्ही तळवे समोर धरले, एकमेकांपासून लांब, आणि तसेच धरून ठेवले. जीप नाक्यावरून वळेपर्यंत दौलत त्या हातांकडे बघत राहिला, टाळी पडते का म्हणून.