राजाच्या झग्याचा काठ

आठ दिवस बाबा धड जेवले नव्हते. शेवटी मीच ओरडले, "पिक्चर तर बघायचाय, फासावर चढायचंय का?"

बाबा शिंपी. दुकानातले भागीदार कटरकाका हे त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. तरुणपणी दोघांनी एका ऐतिहासिक सिनेमाचे कपडे शिवले होते. राजा आपल्या बालमित्राला सेनापती करतो, मग कान भरणाऱ्यांचं ऐकून त्याला ठार करवतो आणि शेवटी स्वतःचा झगा काढून त्याच्या अंगावर पांघरतो. त्या झग्याला बक्षीस मिळालं ते काकांच्या नावाने. गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की काका आधी त्याला झग्याची गोष्ट ऐकवायचे. आता ती जुनी फिल्म साफसूफ झाली होती. रंग मूळचेच आहेत का, हे सांगायला संग्रहालयाने दोघांना बोलावलं होतं.

"झग्याचा जरीचा काठ माझा आहे," बाबा हळूच म्हणाले. "तेव्हा तुझा काका तापाने फणफणला होता, त्याने घातलेले टाके वाकडेतिकडे पडले. तो घरी झोपून होता, मी सगळं उसवून पुन्हा शिवलं. सांगितलं असतं तर दुखावला असता."

"मग आता कशाला घाबरताय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

बाबांनी डावा हात पुढे केला. डावखुऱ्याचे टाके उलटीकडे झुकतात. जुन्या फिल्मवर सगळं धूसर होतं, आता धागा न् धागा दिसणार होता.

संग्रहालयाच्या लहानशा खोलीत आम्ही तिघं आणि वही घेऊन बसलेल्या एक बाई. खरं सांगायचं तर सिनेमा मला रडका आणि लांबलचक वाटला. राजाच्या मिशीचा कोपरासुद्धा सुटलेला दिसत होता. बाबा सारखा घाम पुसत होते. अखेर झगा पडदाभर पसरला आणि काका उठून पुढे गेले.

"थांबवा जरा." त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं, मग बाबांकडे वळले. "माझे इतके वाईट होते?"

शिवणीबद्दल बाबा कधी खोटं बोलले नाहीत. "हो रे."

बाई गोंधळल्या. "रंग बरोबर आहे ना?"

"रंग बरोबर आहे," काका म्हणाले. "नाव चुकलंय. लिहून घ्या, काठ ह्याने शिवलाय."

काकांचे गुडघे गेलेत, रस्ता ओलांडताना ते नेहमी बाबांचा हात धरतात. त्या दिवशी संग्रहालयातून बाहेर पडल्यावर ते काठी टेकत एकटेच गाड्यांमध्ये शिरले, आणि बाबा हात पुढे करून त्यांच्या मागोमाग चालत राहिले.